दोघांच्या सहीचा टॅक्स

प्रिय आई,

मनगटाचं प्लास्टर निघालं, खोली ऊबदार आहे. तुझा गुडघा कसा आहे?

वेगळी राहत असले तरी कागदोपत्री मी अजून रसेलची बायकोच. टॅक्सवाले नायक्विस्टकाका फोनवर म्हणाले, “दोघांचा टॅक्स एकत्र भरा, पोरी, बराच वाचेल. नुसती सही तर करायचीय.” म्हणून त्यांना पगाराचा दाखला पाठवला. त्यावर इथला पत्ता होता, हे नंतर लक्षात आलं. तुझ्याशिवाय तो कुणालाच दिला नव्हता.

आज कामावरून आले तर दाराखालून पाकीट सरकवलेलं. आत टॅक्सचे कागद, रसेलची सही झालेली. पाकिटावर पोस्टाचं तिकीट नव्हतं.

तू काळजी करू नकोस. दाराला आतून टेबल लावलंय.

तुझीच,
लिनेट