भैरोबाच्या राईतली म्हैस

तीर्थस्वरूप दाजींच्या चरणी आकारामचा दंडवत.

इकडे सर्व ठीक आहे, म्हणजे आज सकाळपर्यंत तरी होतं. अक्काचा खोकला कमी झाला का? इस्लामपूरला बदली झाल्यापासून तिला कारखान्याच्या मळीचा वास सोसत नाही असं कळलं होतं. एव्हाना सवय झाली असेल. तुमचा गुडघा, थोरल्याचा अभ्यास, सगळ्यांचं सविस्तर कळवावं. (इथल्या आणखी एकीची चौकशी तुम्ही करणार, हे मी ओळखून आहे. तिच्यावर येतोच आहे, पण क्रमाने.)

तर यंदा आपल्या पंचायतीने भैरोबाच्या राईवर कात्री चालवली. झाडांवर नव्हे; राखणदारावर. डोंगरावर काठी घेऊन बसणारा गुंडा तुम्हाला आठवत असेलच. अंदाजपत्रकातून त्याची नेमणूकच काढून टाकली आणि त्या जागी चावडीचा रंग बसवला. सरपंच लालासाहेब सभेत म्हणाले, "द्येवाच्या राईला मानूस कशाला रं? भैरोबा हाय की, त्यो राखंल!" सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण चहा यायचा होता. मला मात्र फार वाईट वाटलं, दाजी. बहात्तर सालच्या दुष्काळात गावच्या विहिरींनी तळ दाखवला तेव्हा राईतला झरा तेवढा वाहत होता, आणि आपल्या दोन्ही घरांच्या घागरी तिथेच भरल्या. झाडं गेली की झराही जाणार. आठवड्यातच वरून कुऱ्हाडीचे आवाज यायला लागले, आणि राईतली वाळकी झाडं वीटभट्टीवाल्याला लिलावाने द्यायची बोलणी सुरू झाली. (आपल्या गावात झाड कसं वाळतं तुम्हाला ठाऊक आहे. भट्टीवाल्याने त्याच्याकडे नुसतं बघावं लागतं.)

शेवटी पलटणीतून निवृत्त झालेला हवालदार घरात असताना राई लुटू द्यायची नाही, असं ठरवून मी स्वतः फुकट पहाऱ्याला उभा राहिलो. खाकी चड्डी घातली, गळ्यात शिट्टी अडकवली. शिट्टीचा उपयोग एवढाच झाला की मी कुठल्या बाजूला आहे ते कुऱ्हाडवाल्यांना लांबूनच कळू लागलं. हाती लागली ती एकटी शेजारची रंगूबाई, आणि तीही नैवेद्य घेऊन आलेली. मी पलटणीच्या पद्धतीने दरडावून कोण म्हणून विचारलं, तर म्हणाली, "आवं, आंधळं झालासा का? हे ताट धरा आन् तांब्याभर पानी आना." मी आणलं. पहाऱ्याचं असं चाललं होतं.

अशात एके दिवशी एक म्हैस राईत शिरली आणि पाल्यावर तुटून पडली. (कुणाची ते पुढे येईल.) राईची रीत तुम्हाला मी काय सांगावी? आत येऊन पाला खाल्लेलं जनावर भैरोबाचं झालं. त्याला दावं लावायचं नाही, काठी लावायची नाही. वळवायचं झालं तर तो मान फक्त राखणदाराचा, आणि राखणदार तर पंचायतीने काढलेला. हे सगळं समजल्यासारखी म्हैस डोंगर उतरली आणि थेट लालासाहेबांच्या आडसाली उसात जाऊन बसली. सरपंच बांधावर हात जोडून उभे, "जा की गं बये, जा की," आणि ही निवांत रवंथ करतेय. भैरोबा आपलं जनावर सांभाळेल, असं मी नम्रपणे सुचवलं. चारच दिवसांत तातडीची सभा बसली, यावेळी चहाची वाट कुणी बघितली नाही, आणि गुंडा पुन्हा कामावर रुजू झाला. आता तो म्हशीला राईत राखतो, आणि तो वर आहे म्हणून कुऱ्हाडीही बंद आहेत. लिलावाचं नाव कुणी काढत नाही. सकाळी झऱ्यावर जाऊन बसलो तर खरोखर डोळे भरून आले.

अक्काला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
आकाराम

ता. क. म्हैस तुमची. बदली झाली म्हणून माझ्या गोठ्यात ठेवून गेला होतात तीच.

ता. क. दुसरा. धन्याने समक्ष येऊन कौल लावला आणि भैरोबाने उजवा दिला, तर जनावर परत मिळतं, ही रीत लालासाहेबांना आजच सकाळी आठवली. ते उद्या जीप घेऊन तुम्हाला आणायला निघणार आहेत, म्हणून हे पत्र आजच एस.टी.च्या कंडक्टरजवळ देतोय. त्यांना चहा पाजा, गुडघा दाखवा, पण पाया पडतो दाजी, येऊ नका. म्हैस गेली की गुंडा गेला, आणि गुंडा गेला की राई गेली.

ता. क. तिसरा. ती आपल्या पायांनी राईत गेली, असं मी गावात सांगितलं आहे. तुम्ही तिला लहानाची मोठी केलीत. कुणी मागून ढकलल्याशिवाय ती उंबऱ्याएवढाही चढ चढत नाही, हे कृपया लालासाहेबांपुढे बोलू नये.