भिंगातून दिलेले सल्ले

ती. ताईस,

गुडघे परवानगी देतील तितका वाकून नमस्कार. तुझी कंबर, दाजींचा खोकला आणि सूनबाईंचा संयम ठीक असेल अशी आशा. (माझा रक्तदाब विचारू नकोस, तुझी वहिनी विचारते तेवढं पुरे.) फोनवर तू नुसतं ‘हो हो’ म्हणतेस आणि ठेवल्यावर सुनेला विचारतेस, काय म्हणाला गं? म्हणून हे पत्र तुझ्या मुलाच्या हाती आजच पाठवतोय.

घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केलं तरी डोळ्याला लावायचं भिंग मी ठेवून घेतलं, हे तुला माहीतच आहे. बागेतल्या बाकावर एकाने गोळ्यांच्या पाकिटावरचं मुंगीएवढं अक्षर वाचायला दिलं, मी भिंग लावून घडाघडा वाचलं, आणि झालं! दुसऱ्या दिवसापासून आमची पेन्शनर मंडळी रांगेत. कुणाचा रक्तदाब, कुणाची साखर. डॉक्टरांसमोर सगळे मान डोलावून येतात (मीही त्यातलाच) आणि विचारायचं ते मला विचारतात. वाचता येतं म्हणजे कळतंही, असं मला वाटायला लागलं. ताई, कुणी चढवायच्या आधीच मी हरभऱ्याच्या झाडावर जाऊन बसलो होतो.

माझ्या दुकानाशेजारचा शिंपी एक दिवस कागद नाचवत आला. रक्तदाब अगदी जागेवर. आता गोळी कशाला, म्हणाला. मी भिंग लावलं, आकडा पाहिला आणि चाळीस वर्षांच्या धंद्याचा नियम सुनावला, की चालू लागलेलं घड्याळ पुन्हा उघडायचं नाही. गोळी बंद. त्या गोळीमुळेच आकडा जागेवर होता, हे माझ्या डोक्यात आलं नाही. चावी देणं थांबलं की घड्याळ थांबतं, हे तरी मला कुणी शिकवायला नको होतं.

तीन आठवड्यांनी कापड बेतताना त्याच्या हातातून कात्री पडली. आता त्या उजव्या हातात चमचाही राहत नाही. दवाखान्यात भेटायला गेलो तर त्याची बायको रागावली नाही. एवढंच म्हणाली, ‘‘पण भाऊ, तुम्ही तर नीट वाचलं होतंत ना?’’ मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथल्या नर्सने मला बसवून सगळं समजावलं आणि माझ्याकडूनच परत वदवून घेतलं. तिसऱ्या खेपेला जमलं. ही बाई आधी कुठे होती, असं मनात आलं. खरं तर ती तिथेच होती, मी कधी विचारायला गेलो नव्हतो.

तुझा,
धाकटा

ता. क. गेल्या महिन्यात तू आलीस तेव्हा तुझाही कागद मी भिंगातून पाहिला होता. गोळी बंद केली असशील (केलीच असशील, माझं तेवढं एकच ऐकतेस), तर पत्र खाली ठेव आणि मुलाला घेऊन आत्ता डॉक्टरांकडे जा. मान डोलावू नकोस. कळेपर्यंत विचार.

आणखी एक. माझी स्वतःची गोळी मी एक दिवसही बंद केली नाही. तुझी वहिनी रोज सकाळी हातावर ठेवते, मी काही न विचारता गिळतो. हे शिंप्याला अजून सांगितलेलं नाही.