सैल झाकण

३ मार्च, मंगळवार

पेन्सिलीने लिहितेय. पेन जहाजाच्या चीफ ऑफिसरने नेलं. सही करायला मागितलं आणि सरळ खिशात घालून गेला! जाड चष्म्याचा माणूस. आम्ही लगेच त्याचं नाव 'भिंग' ठेवलं.

सकाळी सगळी घाईच. काल आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं म्हणून लॅबमधला सॅम्पलचा डबा बंद केला आणि पळाले. आज बघते तर झाकण सैल. मीच नीट बसवलं नसणार. लोहखनिजाचा चुरा ओव्हनमध्ये वाळवला, आधीचं-नंतरचं वजन केलं — ओल ८.२ टक्के. नऊच्या आत आहे, म्हणजे माल जहाजात भरायला मोकळा. सर्टिफिकेटवर सही ठोकली.

४ मार्च, बुधवार

भिंग परत आला. पेन न आणता!

धक्क्यावरच्या ढिगातला चुरा त्याने स्वतःच्या डब्यात अर्धा भरून आणला होता. लॅबच्या फरशीवर डबा पंचवीस वेळा आपटला. माझे कान किटले. मग डबा पुढे केला. "बघा बाई, वर चमकतंय."

पाणी होतं. फार नाही, पण होतं.

मी म्हटलं, डबे आपटून ओल मोजता येत असती तर मला कशाला पगार दिला असता? तो चिडला नाही. "ओला माल हेलकाव्यांनी पातळ होतो बाई. एका अंगाला सरकतो. मग जहाज सरळ होत नाही. आम्ही एकवीस जण आहोत वर." मग म्हणाला, "पण तुमचा कागद आहे. ठीक आहे."

तो गेल्यावर आमचे लॅबचे साहेब हसले. मीही हसले. हसायला नको होतं.

५ मार्च, गुरुवार

जहाज सुटलं. जेवण गेलं नाही.

६ मार्च, शुक्रवार

झाकण डोक्यातून जात नाही. डबा ओव्हनशेजारी उघडा राहिला असेल, चुरा सुकला असेल, आणि मी सुकलेला चुरा मोजून सही केली असेल तर?

राखीव सॅम्पल आहे. ढिगापाशीच, त्याच वेळी, माझ्या हातांनी सील केलेलं. पण तक्रार आल्याशिवाय सील फोडायचं नाही असा नियम. आजवर एकही फोडलेलं नाही.

मामांशी बोलले. ते ढिगातून सॅम्पल काढतात. नऊ वर्षांपूर्वी मला त्यांनीच शिकवलं — ढिगाच्या पाठीवरून घेऊ नकोस, पोटातून घे. म्हणाले, "पोरी, गेलेल्या जहाजाचा विचार करू नये." आणि चहा अर्धा टाकून उठले. चहा टाकणारा माणूस नाही तो. मी फारच छळलं बहुतेक.

घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांची झाकणं दाबून पाहिली. आई म्हणते, "मुंग्या झाल्यात का गं? का माझ्यापेक्षा तुलाच कमी दिसायला लागलंय?"

७ मार्च, शनिवार

फोडलं. १०.४.

पुन्हा केलं. १०.४.

साहेबांकडे गेले. आकडा ऐकून आधी दार लावलं त्यांनी. "सील फोडायला कोणी सांगितलं तुम्हाला?" मी म्हटलं, चूक माझी आहे, झाकण माझ्याकडून राहिलं. "मग तर तुम्हीच गप्प बसायला हवं. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मूठ झाकलेली राहील हो, पण ती एकवीस माणसं?

बाहेर येऊन जहाजाच्या एजंटला फोन लावला. आकडा सांगितला, नाव सांगितलं. तो दोनदा म्हणाला, "नक्की ना?" आईच्या डोळ्याचं ऑपरेशन कंपनीच्या विम्यावर व्हायचं आहे, हे फोन ठेवल्यावर आठवलं.

८ मार्च, रविवार

काही कळलं नाही. फोन घेऊन न्हाणीघरातही गेले. कपाट आवरलं, पुन्हा उपसलं, पुन्हा आवरलं.

१० मार्च, मंगळवार

आलं! जहाज परत आलं. एका अंगावर कललेलं — मोजमाप नको, धक्क्यावरून नुसत्या डोळ्यांना दिसत होतं. माणसं उतरली तशी मी एकेक मोजली. एकवीस. मग आणखी एकदा मोजली.

भिंग लॅबमध्ये आला. पेन टेबलावर ठेवलं. "शाई संपत आलीय," एवढंच म्हणाला. मला रडू फुटलं, त्याच्यासमोरच. तो बिचारा चष्मा पुसत उभा राहिला.

साहेबांनी चौकशी लावली आहे. कबुली लिहून हवी — 'माझ्या निष्काळजीपणामुळे झाकण सैल राहिलं.' उद्या द्यायची. नोकरी जाणार हे उघड आहे. पण खरं आहे ते लिहायला कसली लाज? आज पोटभर जेवले. आई नुसती वाढत राहिली.

११ मार्च, बुधवार

देण्याआधी कबुली मामांना वाचून दाखवली. ते बाकावर बसले.

"झाकण तू घट्टच लावलं होतंस, पोरी. तू घरी गेलीस की मी काढतो. चुरा ओव्हनशेजारी पसरतो, तू यायच्या आत परत भरतो. साहेबांनी सांगितलंय तसं. या वेळी लावताना बोटांत जोर नव्हता."

मी विचारलं, दर जहाजाला?

"दर जहाजाला."

आत्ता समुद्रात माझ्या सहीची तीन जहाजं आहेत.