खंडेनवमीला मांडलेलं पिस्तूल

आप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला आता डोळे मिटून बसावं लागतं. आज तसाच बसलो होतो तर सुनेनं विचारलं, काही दुखतंय का म्हणून. मी नाही म्हटलं. दुखत नाही, पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही आणि ती तुमच्याशिवाय कोणाला विचारण्यासारखी नाही. आपलं पिस्तूल कोणी नेलं, हे तुम्हाला माहीत होतं का?

भूमहून बार्शीच्या पेठेत माल घालून तुम्ही रोकड घेऊन परत यायचा आणि वाट चांगली नव्हती, म्हणून सरकारनं तुम्हाला त्याचा परवाना दिला होता. तुम्ही ते कधी उडवल्याचं मी पाहिलं नाही. वर्षभर ते लोखंडी पेटीत असायचं आणि किल्ली तुमच्या करगोट्याला. बाहेर निघायचं ते फक्त खंडेनवमीला. तागडी, मापं, विळा, कोयता आणि त्यांच्या शेजारी पिस्तूल, सगळं एका पाटावर, हळदकुंकू लावून, झेंडूची फुलं वाहून. एकदा मांडलेली हत्यारं दसरा पार पडेपर्यंत हलवायची नाहीत, हा आपल्या घरचा नेम, आणि आव्वा नेमाला फार कडक. दसऱ्याच्या संध्याकाळी तर अर्धं गाव आपट्याचं सोनं द्यायला घरात यायचं. म्हणजे वर्षभर कुलपात जपलेली वस्तू, ज्या दिवशी दार सताड उघडं त्याच दिवशी उघड्यावर. इतके शहाणे आपण, पण हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही. काडतुसं तेवढी तुम्ही पेटीतच ठेवायचा.

त्या साली इंग्रज गेले होते, पण आपल्याकडं निजामाचंच राज्य होतं. रझाकारांचं भय होतं, सरहद्दीपलीकडं बार्शीच्या बाजूला निजामाशी लढणाऱ्या पोरांचे कॅम्प होते आणि माणूस माणसाशी बोलताना आधी मागं वळून बघत होता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आव्वा पूजा उचलायला जाते आणि तिथंच खाली बसते. फुलं जागच्या जागी आहेत, तागडी आहे, कोयता आहे, आणि मधेच पाटाचं लाकूड उघडं दिसतंय. मी तेव्हा अठराएक वर्षांचा, उर्दू शाळा अर्धी सोडून दुकानात बसायला लागलेला. माझं तोंड उघडलं ते बंदच होईना. तुम्ही मात्र ओरडला नाहीत. पाटाला कोणी हात लावू नका म्हणालात. पेटी उघडून काडतुसं पाहिलीत, परवान्याचा कागद काढलात आणि अंगात कोट घातलात.

दसऱ्याला येरमाळ्याहून आव्वाचे भाऊ, आमचे मामा, आले होते. ते म्हणाले, "दाजी, बोभाटा कशाला करताव? चार दिवस दम धरा. गपचूप तपास करू."

"आज सांगितलं तर चोरी म्हणतील," तुम्ही म्हणालात. "चार दिवसांनी सांगितलं तर म्याच कुणाला तरी दिलं म्हणतील. अन् त्या चार दिवसांत त्यानं एखादा मेला म्हंजी?"

आव्वाला वेगळंच सुचलं. जो जो घरात आला त्याला बोलवा आणि कोरडे तांदूळ चघळायला द्या, चोराच्या तोंडाला पाणी सुटत नाही, ज्याचे तांदूळ कोरडे पडतील तो चोर. तिची नजर आपल्या हमालावर होती. सकाळपासून तो बिचारा उंबऱ्याबाहेर उभा होता, आत ये म्हटलं तरी येत नव्हता. तुम्ही म्हणालात, "भ्यानं कुणाचंबी तोंड कोरडं पडतंय. माझंच पडलंय, बघ." आणि न जेवता चौकीकडं निघालात. मला बरोबर घेतलंत.

चौकीतला अमीन, म्हणजे निजामाचा फौजदार, खुर्चीत पाय वर घेऊन बसला होता. त्यानं परवान्यावरचा नंबर उतरवून घेतला, काडतुसं जमा करून घेतली आणि मग विचारलं, "शक किसपे है, सेठ?"

"कुणावर न्हाय, साहेब."

"चोरी हुई और शक नहीं? कैसी बातां करते तुम! तुम्हारा वो हमाल? बुलवाऊँ? दो घड़ी में बोल देगा."

"तो काल माझ्या पंगतीला जेवलाय. त्याचं नाव लिव्हू नका."

"तो फिर किसका लिखूँ? तुम्हारा?"

"लिव्हा."

अमीन हसला. तुम्ही हसला नाहीत, तेव्हा त्याचंही हसू गेलं. त्यानं टाक दौतीत बुडवला आणि तुमचं नाव लिहिलं. मला उर्दू वाचता येत होतं, आप्पा. मी उलट्या बाजूनं वाचलं.

तुम्हाला कोठडीत ठेवलं. मी डबा घेऊन यायचो आणि तुम्ही गजाआडून दुकानाचं विचारायचा, आव्वाचं विचारायचा. एकदा मी मामांचा विषय काढला. पुन्हा पुन्हा बार्शीला कशाला जातात, तपास नको असं तेच का म्हणाले, आणि त्या दिवशी उन्हाच्या आतच येरमाळ्याला का निघून गेले. तुम्ही भाकरी मोडत होता. "घरी कुणाला काय इचारू नगंस," एवढंच म्हणालात.

मग एक दिवस तुम्हाला सोडलं, का ते कळलं नाही. परवाना गेला. पिस्तूल मिळालंच नाही. दिवाळी आली आणि आव्वानं भाऊबिजेला भावाला निरोप धाडला नाही. तिचा संशय कोणावर ते न सांगता सगळ्यांना कळलं. तेव्हा तुम्हीच बैल जुंपलेत. येरमाळ्यात मामा दारात उभे राहिले आणि म्हणाले, "झडती घ्यायला आलाव का, दाजी? घ्या की. पोरींची बोचकीबी सोडा." तुम्ही म्हणालात, "झडतीला आलो असतो तर संगं अमीन आणला असता. बस गाडीत. तुझी बहीण पाट मांडून बसलीय." ते खोटं होतं. आव्वा पाट मांडून बसली नव्हती. गाडी दारात लागल्यावर तिनं घाईघाईनं मांडला आणि मान खाली घालून ओवाळलं, आणि मामा जेवताना रडले. निर्दोष माणूस रडतो तसे की दुसरे कसे, ते मला तेव्हाही ओळखता आलं नाही.

तुम्हाला खरंच संशय नव्हता, की होता आणि तुम्ही गिळून टाकला? माझ्यात गिळायची ताकद नाही. मी न्हाव्यावर संशय घेतला, शेजाऱ्यांवर घेतला, त्या हमालावरही घेतला. काही रात्री तुमच्यावरही घेतला, आणि तुम्हीच कोणाला दिलं असतं तर काडतुसं चौकीत जमा केली नसती असं म्हणून स्वतःची समजूत घातली. मामा वारले तेव्हा त्यांची ट्रंक उघडताना मी मुद्दाम जवळ जाऊन उभा राहिलो. धोतरं निघाली, विभूतीची वडी निघाली. मला वाईट वाटायला हवं होतं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, फाडूनच टाकीन. एवढं मात्र सांगतो. मामांची नातवंडं अजून दरसाल दसऱ्याला येतात, पाया पडतात, हातावर सोनं ठेवतात, आजोबा म्हणतात. चांगली पोरं आहेत. ती यायच्या आधी मी उठून माझ्या कपाटाला कुलूप लावतो. कपाटात दोन सदरे आणि रक्तदाबाच्या गोळ्या आहेत.