सरस्वतीखालची वही

हिनकल, म्हैसूर
विजयादशमी, शुक्रवार, दुपारचे तीन

तीर्थरूप दत्तोजीकाका,

अनुसूयेने तुमच्या पायांवर डोकं ठेवलं आहे असं समजून घ्या. समोर येऊन ठेवायला गेलं की गुदगुल्या होतात म्हणून तुम्ही पाय मागे घेता, त्यापेक्षा कागदावरच बरं. गुडघा कसा आहे? दिलेलं तेल चोळता, की बाटली कपाटात ठेवून तिच्याकडे बघता? कानातलं यंत्र दुरुस्त झालं नसणारच. परवा मी फोनवर रडकुंडीला येऊन घरातलं संकट सांगत होते आणि तुम्ही "छान छान, सर्वांना आशीर्वाद" म्हणून फोन ठेवलात. म्हणून ही चिठ्ठी. आमच्या शेजारचे अंबाजीराव रोज बसने नंजनगूडला कामाला येतात, उद्या सकाळी त्यांच्या हाती देते आहे. चहा घेतल्याशिवाय ते दारातून हलत नाहीत, तेव्हा द्या.

काम काही नाही. दसऱ्याचं क्षेम कळवावं, एवढंच. (खोटं आहे. पुढे वाचा.)

आमची दिव्यश्री यंदा डिग्रीच्या पहिल्या वर्षाला आहे. तिला अल्जिब्रा म्हणून विषय आहे, म्हणजे तुम्ही जन्मभर शाळेत शिकवलंत ते बीजगणित. शिकवायला मधुमिता मॅडम. वय तिशीचं, आवाज इतका हळू की ऐकण्यासाठी आपणच गप्प व्हावं लागतं. त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या हातात एक कागद दिला. या विषयात तुमच्याकडून काय अपेक्षा आहे ते सगळं त्यावर छापलेलं, इंग्रजीत. दिव्याने मला वाचून सांगितलं. शंभरातले पंचाहत्तर दिवस हजर पाहिजे. वर्गात फोन बंद. घरी करायच्या गणितांच्या दहा असाइनमेंट, एकाच वहीत, स्वतःच्या अक्षरात. नुसतं उत्तर लिहून चालणार नाही, एकेक पायरी एकेका ओळीवर पाहिजे. (उत्तराला एक मार्क आणि पायऱ्यांना चार! म्हणजे नवरदेवाला एक लाडू आणि वाजंत्र्यांना चार.) न समजलेलं मंगळवारी आणि गुरुवारी तीन वाजता येऊन विचारावं. वही ठरल्या दिवशीच द्यावी, उशिराला कसलंही कारण चालणार नाही. दहातली एक जरी कमी असली तर परीक्षेला बसता येणार नाही. खाली पालकांची सही.

तुमचे जावई म्हणाले, "सुम्ने सही कर आणि दे." यांना सगळंच सुम्ने, उगाच म्हणून करायचं असतं. मी तशी सही करत नाही. मला चौथीपर्यंतच येतं, त्यामुळे माझं नाव लिहायला मला वेळ लागतो, आणि ज्याला वेळ लागतो त्याची किंमत असते. सही केली म्हणजे मी बांधली गेले. कागदाची झेरॉक्स काढून कॅलेंडरशेजारी भिंतीवर चिकटवली आणि दुसऱ्या दिवसापासून, साड्या रंगवायच्या घमेल्यातून हात काढला की तसेच ओले हात घेऊन पोरीच्या डोक्याशी उभी. झालं का? होतंय अम्मा. झालं का? झालं अम्मा. झालं म्हणाली की कॅलेंडरवर राणी रंगाची एक रेघ. अशा दहा रेघा झाल्या काका. मोजून दहा. ती मंगळवार-गुरुवारची ओळ मात्र मी सोडून दिली. आपल्या पोरीला न समजायला काय झालंय, असं मला वाटलं.

मध्येच एक सांगते, कारण ते पुढे लागणार आहे. गौरीच्या आधी दुकानात साड्यांचा ढीग पडला होता, मी चुलीवर रंग उकळत होते आणि दिव्या पायरीवर बसून सातवी असाइनमेंट वाचत होती. वीस टक्क्यांचं आम्ल आणि पन्नास टक्क्यांचं आम्ल मिसळून तीस टक्क्यांचं तीस लिटर करायचं, तर कोणतं किती घ्यावं? मी वळूनसुद्धा बघितलं नाही. म्हटलं, वीस लिटर फिकं, दहा लिटर कडक, यात विचारायचं काय? (आम्ल काय आणि रंग काय, बादली तीच.) तिने पुस्तकाच्या मागे उत्तर बघितलं. बरोबर! ती म्हणाली, "कसं अम्मा?" मी म्हटलं, "कसं म्हणजे? दिसतं. तीस वर्षं हात बुडवलेत. तुला कॉलेजात जाऊन एवढं दिसत नाही?" आणि त्या दिवशी जे जे गिऱ्हाईक आलं त्याला मी हे सांगितलं. मॅडमचं गणित मी चुलीपाशी सोडवलं म्हणून. दिव्या तिथेच बसून ऐकत होती. त्यानंतर ती माझ्यासमोर वही उघडेनाशी झाली. मला वाटलं, पोरगी आता आईला मान द्यायला लागली.

आता दसरा. आपल्याकडची रीत तुम्हाला माहीतच आहे. सप्तमीला सरस्वती बसवायची, घरातली पुस्तकं-वह्या खाली रचायच्या, वर मूर्ती, फुलं, आणि दशमीला उठवेपर्यंत कोणी हात लावायचा नाही, अक्षर वाचायचं नाही. मंगळवारी संध्याकाळी मी हाक मारायच्या आत दिव्या वह्यांचा गठ्ठा घेऊन हजर. जेवायला जिला तीन हाका लागतात तिला त्या दिवशी अर्धी पण लागली नाही. तिथेच मला कळायला पाहिजे होतं. अल्जिब्राची वही सगळ्यांत खाली, त्यावर सगळी पुस्तकं, त्यावर देवी.

बुधवारी, अष्टमीला, सकाळी नऊला मी कॅलेंडर बघायला गेले आणि शेजारच्या कागदावर माझ्याच हाताने तांबड्यात गोल केलेली तारीख दिसली. वही द्यायचा दिवस तोच. दुपारी बाराच्या आत. दिव्याला हाक मारली तर ती खाली बघून म्हणाली, "आता काय करायचं अम्मा, देवीखाली आहे ना." मी थेट देवाच्या खोलीत. तिथे मामंजी पाटावर बसलेले. (सासरे म्हणून बोलत नाही, पण ऐंशीव्या वर्षी माणूस एवढ्या चटकन आडवा हात घालू शकतो हे मला माहीत नव्हतं.) म्हणाले, "बसवलेली सरस्वती अर्ध्यात उठवशील तर या घरात पुन्हा अक्षर येणार नाही."

मी म्हटलं, "आहे ते तरी कुठे फार आहे?"

"म्हणूनच," म्हणाले मामंजी.

एका बाजूला देवी, एका बाजूला मॅडम, मध्ये पोरीची परीक्षा. यांना विचारावं तर हे मेटगळ्ळीला, कारखान्यात आयुधपूजेसाठी यंत्रं पुसायला गेलेले. शेवटी वही नाही तर नाही, भिंतीवरचा कागद काढला, डब्यात प्रसादाची डाळीची कोसंबरी भरली, दिव्याला पुढे घातली आणि बस पकडली. वाटेत ती तीनदा म्हणाली, अम्मा राहू दे, पुढच्या वर्षी बसेन. मी तीनदा म्हटलं, गप्प बस. आमचं सगळं बोलणं एवढंच.

मॅडम टेबलापाशी वह्या मोजत होत्या. मी कानडीत सुरुवात केली आणि चांगली मोठ्याने केली. म्हटलं, तुमच्या कागदावर कसलंही कारण चालणार नाही असं लिहिलंय, मी कारण सांगतच नाही, वही सरस्वतीखाली आहे ही खबर देते. मॅडम म्हणाल्या, "माझ्या घरीसुद्धा बसवली आहे. मी पेपर तपासून संपवले, मग बसवली." हे इतकं हळू म्हणाल्या की मला दोनदा ऐकायला लागलं, आणि दोन्ही वेळा लागलं. मग त्यांनी दिव्याला विचारलं, दहाही पूर्ण आहेत का? दिव्याने तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "दहाच्या दहा! रोज डोक्याशी उभी राहून करून घेतल्यात. एक जरी कमी निघाली तर बसवू नका परीक्षेला." दिव्याने माझ्या कोपराला चिमटा काढला. मला वाटलं, माझ्या आवाजाची लाज वाटते आहे, म्हणून मी आणखी मोठ्याने बोलले. मॅडमनी बराच वेळ दिव्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, ठीक आहे, तुमच्या शब्दावर, सोमवारी कॉलेज उघडलं की सकाळी दहाला आणा. माझ्याच कागदाच्या मागे त्यांनी ते लिहिलं आणि पेन माझ्याकडे केलं. मी पुन्हा सही केली, काका. सावकाश, पूर्ण नाव. कोसंबरीचा डबा तिथेच ठेवून जिंकल्यासारखी बाहेर पडले.

घरी आल्यापासून पोरगी देवाच्या खोलीभोवती घिरट्या घालत होती. नवमीला दुपारी तिला फुलांखाली हात घालताना मी पकडलं आणि हातावर एक ठेवून दिली, देवीचा अपमान नको म्हणून. आणि आज सकाळी सरस्वती उठवली.

उठवल्यावर घरातल्या शिकणाऱ्या मुलाने मोठ्यांसमोर आपली वही उघडून एक पान वाचायचं, ही मामंजींची रीत. त्यांनी नेमकी सगळ्यांत खालची वही मागितली. (सगळ्यांत खालची म्हणजे देवीचा सगळा भार सोसलेली, असं त्यांचं म्हणणं.) दिव्या वाचायला लागली. इंग्रजी, मला काय कळणार, पण पान भरलेलं होतं. मामंजी म्हणाले, आणखी वाच. तिने पान उलटलं. आणखी. पानामागून पान उलटत होती आणि प्रत्येक पानाला आवाज बारीक होत होता. मग एका पानाशी थांबली आणि पुन्हा वाचायला लागली, एक्स म्हणजे अमुक, वाय म्हणजे तमुक. मामंजी डोळे मिटून मान डोलावत होते. मी आरतीचं ताट घेऊन तिच्या मागे उभी होते. मला इंग्रजी वाचता येत नाही काका, पण कोरं पान मला वाचता येतं.

ताट खाली ठेवलं. वही घेतली. सहा असाइनमेंट आहेत. सातवीच्या जागी वर नुसता आकडा आणि खाली एकच ओळ: वीस लिटर, दहा लिटर. पायरी एकही नाही. त्यापुढे आठ नाही, नऊ नाही, दहा नाही.

मी हात उगारला. ती हलली नाही. म्हणाली, "मार अम्मा. पण तू रोज झालं का विचारलंस. येतं का, असं एकदा पण विचारलं नाहीस." वही तिने मुद्दामच देवीखाली घातली होती. तीन दिवसांत काहीतरी होईल असं तिला वाटलं. माझा हात तसाच वर राहिला, मग मी त्याच हाताने समईची वात सारली, मामंजींना कळू नये म्हणून.

तर आता असं आहे. सोमवारी दहाला दहा पूर्ण असलेली वही पाहिजे, नाहीतर पोरगी परीक्षेला नाही, आणि तेही माझ्याच दोन सह्यांनी. तुम्ही चाळीस वर्षं हेच केलंत. चार असाइनमेंट तुमच्या हाताने लिहून अंबाजीरावांच्या हाती उद्या संध्याकाळी पाठवा, दिव्या रविवारी बसून उतरवून काढेल. अक्षर तिचंच होईल, म्हणजे नियमात बसतं. गणितांच्या पानांची झेरॉक्स सोबत आहे. कोणाला सांगू नका. काकूंना नमस्कार.

तुमची पुतणी,
अनुसूया

ता. क. वरचं लिहून पाकीट चिकटवलं होतं, ते आता वाफेवर धरून उघडलं आहे. असाइनमेंट लिहून पाठवू नका. मॅडम हळू बोलतात पण आंधळ्या नाहीत. सोमवारी मी स्वतः जाऊन सांगणार आहे की खोटं मी बोलले, पोरगी चिमटा काढत होती. मग बसवतील नाही तर नाही बसवणार. पण सहा आणि एक ओळ घेऊन मी तिथे उभी राहणार नाही. जेवढ्या खऱ्या होतील तेवढ्या घेऊन जाणार.

ता. क. म्हणून तुम्हीच या. उद्या दुपारच्या बसने. मी बोलावलं म्हणू नका, दसऱ्याचं सोनं म्हणून बन्नीची, शमीची पानं द्यायला आलो म्हणा, तुम्ही वडीलधारे, कोणाला शंका येणार नाही. गुडघ्याचं तेल घेऊन या, इथे मी चोळून देईन. दोन दिवस आहेत.

ता. क. सातवं गणित आता पुन्हा बघितलं. दिव्या म्हणते, उत्तर बरोबर आहे पण कसं ते सांग. मी दोन बादल्या आणून, पाणी ओतून दाखवलं. तिने वहीत तीन ओळी लिहिल्या. चौथी आम्हा दोघींनाही येत नाही. ती तेवढी तुम्ही सांगा. मी मागे बसेन, माझ्याकडे बघू नका.

ता. क. शेवटचं, आणि राग मानू नका. मला मराठी अक्षरं तुम्ही घरी शिकवलीत, त्याच्यावरच ही चिठ्ठी चालली आहे. गणिताला बसवलंत तेव्हा पट्टी घेऊन तुम्ही पण झालं का, झालं का एवढंच विचारत होता, आणि मी झालं म्हणत होते, आणि चौथीनंतर मी शाळेत गेले नाही. दिव्याला तसं विचारू नका. आल्यावर कुठपर्यंत येतं, एवढंच विचारा. मला विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं, भागाकारापर्यंत.