हार घातलेली गिटार

प्रिय प्रितम,

पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं म्हणून दचकू नकोस. घरी पाठवलं असतं तर जागृतीनं कौतुकानं उघडलं असतं आणि तुझ्या आईला मोठ्यानं वाचूनही दाखवलं असतं. ती आहेच तशी. अक्षर ओळखलं असशील, कॉलेजात तुझी जर्नलं याच अक्षरात जायची. असो. आधी वाढदिवसाच्या शुभेच्छा, दोन दिवस आगाऊ. परवा कोलशेतला तुमच्या गच्चीवर मांडव पडेल, केक येईल, सगळी भावकी जमेल आणि सगळ्यांच्या देखत तुझी बायको तुझ्या हातात एक लांबट खोका देईल. त्यात काय आहे ते तुला कळू नये म्हणून ती किती महिने जपतेय. मी ते इथे एका ओळीत सांगून टाकते, कारण एवढा दुष्टपणा करायचा मला हक्क आहे. गिटार आहे. रेझिनची, आरपार दिसणारी, आणि तिच्या पोटात फुलांचा हार. ती मी बनवली आहे.

हो, मीच. आता मी आईबरोबर ठाकुर्लीला राहते आणि लोकांच्या लग्नातले हार रेझिनमध्ये बसवून देते. हसू नकोस, बरं चाललंय. लग्नाचं काय होईल ते होवो, हार टिकला पाहिजे असं हल्ली सगळ्यांना वाटतं. कुणी फ्रेम करून घेतं, कुणी घड्याळ. एकीनं चहाचा ट्रे करून घेतला आणि नवऱ्याशी भांडण झालं की मुद्दाम त्याच ट्रेमधून त्याला चहा देते. इन्स्टाग्रामवर 'फुलोरा' नावाचं माझं पान आहे. त्यात माझा चेहरा कुठेच नाही, फक्त हातमोजे घातलेले हात दिसतात. तिथूनच जागृतीनं मला शोधलं. ती घरी आली तेव्हा लग्नाला चार दिवस झाले होते, नखांतली हळद अजून गेली नव्हती, आणि काखेत थर्माकोलची पेटी. तिनं तुझ्या गळ्यात घातलेला हार त्यात होता, आणि झाकणावर लग्नपत्रिकेतला तुमच्या नावांचा तुकडा चिकटवलेला. माझं नाव तिनं विचारलं नाही, फोनमध्ये 'फुलोरावाली ताई' असंच लिहून घेतलं. मी झाकण वाचलं, तिला पाणी दिलं आणि कुठल्या आकारात हवं ते विचारलं. ती म्हणाली, गिटारच्या.

कल्पना मुळात तुझी, ते श्रेय मी काढून घेत नाही. तुमच्या बँडमध्ये धड वाजवणारे तू आणि नयन दोघंच, आणि तुला स्टेजवर काचेची गिटार हवी होती. विकत घे म्हटलं तर म्हणालास, विकतची कुणीही घेतं. आम्ही तेव्हा दिवा स्टेशनजवळ राहायचो. मग त्या घराच्या गॅलरीत, आई कपडे वाळत घालायची तिथे, आपण प्लायवुडचा साचा मांडला. आतून खाकी टेप लावली, कारण टेपला रेझिन चिकटत नाही. हे मी वाचून काढलं होतं. हेही वाचलं होतं की एवढा जाड ठोकळा एका दमात ओतायचा नसतो. बोटाच्या पेराएवढा थर द्यायचा, तो निवू द्यायचा, मग पुढचा. तुला सांगितलं तर म्हणालास, अगं, आपल्याला काय पदराची चपाती लाटायचीय का. आणि रेझिन घट्ट करणारं हार्डनर घालून आख्खी बादली कालवलीस नि एकदम ओतलीस. थोड्या वेळानं ते आतल्या आत तापलं, पिवळं पडलं, तडकलं आणि धुरानं घर भरलं. बादलीत उरलेलं तर रटरटायला लागलं. तू जिना उतरून पार खाली पोचलास. मी बादली उचलून मोरीत नेली, तेव्हा डाव्या मनगटावर सांडलं. खालून तुझा आवाज आला, सोनल, साचा वाचला का? मला तेव्हा त्याचंही हसू आलं होतं.

या वेळी घाई केली नाही. हार आधी सिलिकाच्या दाण्यांत पुरून वाळवायचा, कारण फुलात थेंबभर पाणी राहिलं तरी ते रेझिनमध्ये काळं पडतं आणि मग काही करता येत नाही. पहिल्या पातळ थरात पाकळ्या टेकवून धरायच्या, नाहीतर त्या वर तरंगतात. थर बोटाला चिकटेल पण बोटावर येणार नाही असा झाला की दुसरा, मग तिसरा. बुडबुडे गरम हवेनं फोडायचे. मान बसवायची खाच आणि तारांखालचे खड्डे डोंबिवलीच्या रामा सुतारानं मशीननं कोरून दिले. लाकूड कसं भुसा होऊन निघतं, रेझिन तापून पात्याला चिकटतं, म्हणून तो थांबत, शिव्या देत काम करत होता. पुढचं घासणं माझं, ओल्या पॉलिश पेपरनं, आठवडेच्या आठवडे. आता ती इतकी नितळ झाली आहे की पलीकडचा पेपर वाचता येतो. वजनाला मात्र भारी आहे, नेहमीच्या गिटारच्या दीडपट तरी भरेल. तुझ्या खांद्याला कशाचंच ओझं घ्यायची सवय नाही, पण लागेल हळूहळू.

जागृती मधूनमधून बघायला यायची. कधी तांदळाच्या भाकऱ्या आणायची, कधी सुकट, आणि माझ्या आईजवळ बसून गप्पा मारायची. आईला ती आवडली. मलाही आवडली, आणि हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. हार वाळून निघाला त्या दिवशी ती समोरच बसली होती. ओतायला अजून सुरुवात व्हायची होती, मी ब्रशनं पाकळ्यांवरचे दाणे झाडत होते. हातमोजे नव्हते. तिला माझ्या मनगटावरचा डाग दिसला. मी म्हटलं, शिकत होते तेव्हा भाजलं. तर ती हसायला लागली. म्हणाली, "ताई, यांचंपण सेम झालेलं. कॉलेजला असताना गिटार बनवायला घेतलेली, तर दिव्याची एक मुलगी होती, यांच्या मागेच लागलेली, तिनं सगळं रेझिन एकदम ओतलं नि पूर्ण वाट लावली. हे बिचारे तिला काय बोलले पण नाय." मी ब्रश फिरवत राहिले. मागे लागलेली म्हणालास, ते एक वेळ मी सोडून देईन, सगळेच पुरुष लग्नानंतर असं सांगतात. पण ओतण्यात चूक माझी झाली असं सांगितलंस? आज ज्या कामावर माझं आणि आईचं पोट चालतं, त्यातली पहिली चूक तू माझ्या नावावर लिहिलीस, आणि वर बिचारा झालास. मला इतका राग आला की तिला चहासुद्धा विचारला नाही.

आता बाबांचं सांगते. बाबा गेल्या पावसाळ्यात गेले. तुला नयनकडून कळलं असेल, पण तुझा फोन आला नाही आणि मी वाटही पाहिली नाही. आपलं जमवायचं म्हणून ते एका रविवारी पेढे घेऊन तुमच्याकडे गेले होते, ते तुला चांगलं आठवत असणार. डाइंग कंपनीत काम करून त्यांच्या नखांत कायम कुठला ना कुठला रंग असायचा. त्या दिवशी त्यांनी लिंबू घेऊन नखं घासली होती. संध्याकाळी परत आले, पेढ्यांचा पुडा तसाच हातात, आणि म्हणाले, घरी कुणी नव्हतं. मग तुझा मेसेज आला, घरचे तयार नाहीत, मला विसर. त्यानंतर कितीतरी वर्षं मी बाबांना टोचून बोलत राहिले, की एकदा कुणी भेटलं नाही तर पुन्हा जायचं होतं, पोरीसाठी तुमच्याच्यानं एवढंही झालं नाही. ते जेवता जेवता ऐकून घ्यायचे आणि आईला भात वाढायला सांगायचे.

ते गेल्यावर नयन भेटायला आला. बाबांच्या फोटोसमोर बसला आणि त्याच्यानं राहवेना. त्या रविवारी तो तुमच्याकडे प्रॅक्टिसला आला होता. सगळे घरातच होते. बाबा अंगणात तुमच्या पाण्याच्या टँकरशेजारी भर उन्हात उभे होते, आणि बसा असं कुणी म्हणालं नाही. मग तुझे वडील बाहेर आले आणि ड्रायव्हर लोकांसमोर त्यांना म्हणाले, "दिव्यात पाणी येतं का हो? पोरगी आंघोळ करते का आमच्या टँकरची वाट बघते?" सगळे हसले. आमच्या बिल्डिंगला टँकर तुमचाच यायचा, त्यामुळे त्यांना जास्तच मजा वाटली असेल. तुझी सगुणाआजी तेवढी तांब्या घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, पानी पी रं दादा. बाबा पाणी प्यायले आणि त्यांनी वर पाहिलं. तू गॅलरीत उभा होतास, गळ्यात गिटार. बाबांनी तुला ओळखून हात केला. तू वळून आत गेलास. नयन म्हणाला, आत येऊन तू ॲम्पचा आवाज वाढवलास आणि वाजवत राहिलास. तुझ्या वडिलांवर माझा फार राग नाही रे, ते जसे आहेत तसे सगळ्यांसमोर असतात. बाबांना मात्र शेवटपर्यंत वाटत राहिलं असणार की मला यातलं काही कळू नये, आणि मी त्यांनाच नावं ठेवत राहिले. याचं काय करायचं ते मला अजून कळत नाही.

जागृती ती पेटी घेऊन पहिल्यांदा आली तेव्हा हे सगळं मला माहीत होतं. तरी मी ठरवलं होतं की तिचं काम चोख करायचं, तिनं माझं काही घोडं मारलेलं नाही. हार वाळवलासुद्धा असा, की एका पाकळीला डाग नाही. तुझ्या त्या एका खोट्यापुढे माझा चांगुलपणा टिकला नाही. त्या दिवशी जागृती गेल्यावर मी आईशेजारी जाऊन बसले आणि तिला विचारलं. मला वाटलं होतं ती रागावेल. ती म्हणाली, घाल, फक्त त्या पोरीला कधी कळू देऊ नकोस.

तर या पत्राबरोबर जो पुठ्ठ्याचा डबा आला आहे, तो एकटा असताना उघड. जागृतीनं तुझ्या गळ्यात घातलेला हार त्यात आहे, सगळाच्या सगळा. त्याचं काय करायचं ते तू बघ. गिटारमध्ये तो नाही. गिटारमध्ये आहे तो बाबांच्या तेराव्याला त्यांच्या फोटोला घातलेला हार. आईसाठी फ्रेम करायची म्हणून मी तो वाळवून ठेवला होता. गुलाब आणि निशिगंध, अगदी तुमच्यासारखाच, फुलवाल्याकडे दोन्हीला वेगळी फुलं नसतात. जागृतीला ओळखू आला नाही. बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं, माझा हात धरून म्हणाली, ताई, आमचं लग्न तुम्ही जपून ठेवलंत. माझ्याकडून तिला कधीच काही कळणार नाही. परवा सगळे टाळ्या वाजवतील, तुझे वडील गिटार उजेडाला धरून फुलं बघतील, आणि नंतर ती हॉलमध्ये बरोबर दारासमोर लागेल, जागृतीनं खिळासुद्धा ठोकून घेतलाय. तुमच्या घरात बाबांना आत या असं कुणी म्हणालं नव्हतं, म्हणून मीच त्यांना आत पाठवते आहे. तुला हे सहन होणार नसेल तर उपाय सोपा आहे. परवा सगळ्यांसमोर उभा राहा आणि सांग, हा हार कुणाचा आहे आणि तो इथे का आला. त्या रविवारीही तुला एवढंच करायचं होतं, जिना उतरून खाली यायचं आणि तोंड उघडायचं. पण तू सांगणार नाहीस, प्रितम. सगळे म्हणतील वाजव, आणि तू ती गळ्यात अडकवून वाजवशील.

आता सवयीपुरतीच, पण तुझीच,
सोनल