पानात काय वाढू?

अहो,

रागावूनच लिहितेय. शनिवारी तुमचं वर्षश्राद्ध. खीर-वडे होतीलच, पण पानात एक पदार्थ तुमच्या आवडीचा नको का? सूनबाईने सकाळी साधं विचारलं, "आई, बाबांना काय आवडायचं?" अख्खा संसार तुम्हाला वाढण्यात गेला आणि मला उत्तर येईना. लाज वाटली हो.

नीलेश म्हणाला, "आई, बाबा स्टोइक होते." हे काय नवीन? तर म्हणे जुन्या ग्रीक लोकांचं तत्त्वज्ञान आहे. जे आपल्या हातात नाही त्याचा त्रागा करायचा नाही, जे हातात आहे ते नीट करायचं. पोरगं मोबाइलवर वाचून बापाला ओळखतंय!

पहिलं अर्धं तुम्हाला जमलं, मान्य. विक्रोळीची कंपनी बंद झाली त्या दिवशी तुम्ही हातपाय धुतलेत, चहा प्यालात, मग सांगितलंत. मी रडत बसले आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी काम शोधायला बाहेर पडलात. त्या शांतपणावर हे घर उभं राहिलं. ते मी विसरलेले नाही.

पण उरलेल्या अर्ध्याचं काय? बायकोला "आज आमटी अळणी झालीय" हे सांगणं कोणाच्या हातात होतं? ग्रीकांच्या? नीलेशने ताट सरकवलं तेव्हा मला कळलं, तोवर तुम्ही दोन वाट्या संपवून मोकळे!

रोज संध्याकाळी विचारावं, "काय करू जेवायला?" की तुमचं ठरलेलं, "कायय चलात." अहो, ज्याला काहीही चालतं त्याचे लाड कसे करायचे? मला करायचे होते ना!

हॉस्पिटलातही तेच. शेवटच्या आठवड्यात विचारलं, "काय खावंसं वाटतंय?" तर म्हणालात, "तू जेवलंस काय?" असा राग आला होता! अजून येतो, आणि मग रडूही येतं.

तर शनिवारी मी भरली कारली करणार. मला आवडतात म्हणून. घरात दुसरं कोणी तोंड लावत नाही, तुम्ही तेवढे मुकाट खायचात. आवडीने की सोसून, देव जाणे.

आणि एक वचन देते. कावळा शिवला नाही तर हात जोडून विनवण्या करत बसणार नाही. म्हणेन, चला, एकदाचं "नको" म्हणालात! पान आत नेईन, दुसरं काहीतरी करून आणीन, मग तिसरं. तुम्ही सांगेपर्यंत.

तुमचीच,
सुलभा